आखाडातला नकाशा

दरवर्षी आषाढ अर्धा झाला की मी कपाटावरची पत्र्याची नळी खाली काढते, आतला कागद जेवणाच्या टेबलावर पसरते आणि चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवते. कागद ट्रेसिंगचा आहे. दमट हवेत त्याला लाटा येतात, आणि तसाच गुंडाळून राहिला तर बुरशी धरतो. दुपारभर पंख्याखाली ठेवला की सरळ होतो. संध्याकाळी दोन डांबराच्या गोळ्यांबरोबर तो परत नळीत जातो. लोकरीचे कपडे, पापडांचे डबे, तसंच हेही. तुमच्या आजोबांनी एकदा विचारलं होतं, "हे अजून कशाला ठेवलंयस?" मी म्हटलं, "असू दे." त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

या वर्षी कागद टेबलावर असतानाच अनयाची मेल आली. तिच्या तिकडच्या परदेशातल्या विद्यापीठाने म्हणे शहरातली एक जुनी वस्ती निवडली आहे. पाच-सहा देशांतून आलेली माणसं तिथे राहतात, कारखाना बंद पडलाय, घरं पडायला आलीत. ती सुधारायची, पण अशी की मूळच्या माणसांना तिथून उठावं लागू नये. विद्यापीठ आणि वस्ती दोघं बरोबरीचे भागीदार. अनया पुढच्या महिन्यात घरोघर जाऊन माहिती घेणार आहे. "आजी, आई म्हणाली की तूही असं काही केलं होतंस. सांग ना." खाली ईशानने एकच शब्द जोडला होता: "मलाही."

सांगते. तुमची आई तेव्हा सहावीत होती.

मी पार्ल्याच्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवत असे. विद्यापीठाने त्या वर्षी ठरवलं की उपनगरांतल्या कॉलेजांनी आपापल्या जवळची एकेक वस्ती घ्यायची, तिची पाहणी करायची, नकाशा काढायचा, आणि काय हवं ते वस्तीबरोबर बसून ठरवायचं. परिपत्रकात 'भागीदारी' हा शब्द तेव्हाही होता. आमच्या वाट्याला अंधेरीच्या पश्चिमेचा, खाडीच्या तोंडाशी असलेला एक कोळीवाडा आला. त्याच्या पाठीमागे भरावावर झोपड्यांची एक ओळ होती. तिथे कोकणातली माणसं राहत. गिरण्यांच्या संपात लालबाग-परळच्या खोल्या सोडाव्या लागल्यावर ती इथे येऊन टेकली होती.

दर गुरुवारी आणि शनिवारी दुपारी दोन ते पाच. जूनच्या शेवटी सुरुवात, गणपतीच्या आधी अहवाल विद्यापीठात. ऑक्टोबरात सहामाही परीक्षा, म्हणून त्याच्या आत सगळं उरकायचं होतं. वेळापत्रक मी केलं होतं आणि वर्गातल्या मुलींना पाठ करायला लावलं होतं. मला वेळापत्रकं करायला आवडत. अजूनही आवडतात, हे तुम्हाला माझ्या फ्रिजवरून माहीत आहे.

आखाडातला कोळीवाडा मला अजून जसाच्या तसा दिसतो. समुद्राचा रंग फरशी पुसलेल्या पाण्यासारखा. बोटी किनाऱ्यावर ओढून घेतलेल्या, त्यांच्यावर झापांची छपरं. इंजिनं उघडून ओट्यावर ठेवलेली, त्यांच्या तेलाचे इंद्रधनुषी ओघळ गल्लीतल्या पाण्यात. घराघरांत आढ्याला टांगलेली जाळी, आणि त्यांच्याखाली बसून ती शिवणारे पुरुष, तोंडात सुतळीचं टोक. भिंतींना मिठाचा ओलावा. मिठाच्या बरण्यांतही पाणी. आमच्या फॉर्मांवरची शाई पसरायची, म्हणून मी मुलींना पेन्सिलीने लिहायला सांगितलं. चपलेत चिखल, छत्रीच्या काडीवर गंज, आणि बसमध्ये परत येताना साडीच्या काठाला येणारा एक जड, हिरवट वास.

त्या वासामुळे मी नाकाशी रुमाल धरायची. कोलन वॉटर शिंपडलेला. पहिल्याच आठवड्यात चांगुणाबायने तो पाहिला. ही चाळिशी ओलांडलेली, उंच, काळीसावळी बाई कोळीवाड्यातल्या बायकांची पुढारी होती, आणि आम्हाला घरोघर नेऊन ओळख करून द्यायचं काम तिने आपण होऊन घेतलं होतं.

"नाकाला फडका कशाला लावतेस बाय?" ती म्हणाली.

"सवय नाही ना, मासळीच्या वासाची."

ती हसली, मागच्या बायका हसल्या. "मासली हाय कुठं आता? बोटी वर काडल्यात. यो वास चिखलाचा. चिखल तं तुजे पारल्याला पन हाय."

मी रुमाल पर्समध्ये ठेवला. पण डायरीत त्या दिवशीच्या नोंदीत 'मासळीची दुर्गंधी' असंच लिहिलं. ती डायरी आहे माझ्याकडे.

आमचा फॉर्म चांगला होता. घराचा प्रकार, छप्पर, चूल, पाणी, संडास, माणसं, शिक्षण, काम. जिथे छप्पर आणि चूल, तिथे घर, आणि प्रत्येक घराला नंबर. एकही घर सुटू नये म्हणून मी गल्ल्यांना अक्षरं दिली होती. कोळीवाडा आणि भराव यांच्यामध्ये एक मोठं, सपाट, रिकामं पटांगण होतं. त्यावर छप्पर नव्हतं, चूल नव्हती. गुडघाभर गवत, एका कडेला बांबूंची रास प्लास्टिकखाली झाकलेली, मध्ये पाण्याचं तळं आणि त्यात बसलेल्या दोन म्हशी. फॉर्ममध्ये त्या जागेसाठी रकानाच नव्हता.

भरावावरच्या ओळीत शेवंता राहायची. मालवणकडची, पंचविशीची. नवरा गिरणीतून सुटलेला, कुठे मिळेल तिथे हमाली करायचा. आम्ही तिच्या दाराशी पोचलो तेव्हा दार नुसतं ओढलेलं होतं आणि आतून मुलाच्या रडण्याचा आवाज येत होता. दार लोटलं. खाटेच्या पायाला जुन्या लुगड्याच्या पट्टीने दोन-अडीच वर्षांची मुलगी कमरेला बांधलेली. पट्टी दाराच्या उंबऱ्याच्या अलीकडे संपत होती. बरोबर मोजून कापलेली. शेजारी भाताची थाळी, तिच्यावर माश्या.

शेवंता धापा टाकत आली. बिल्डिंगमधली भांडी घासून परतत होती. आम्हाला आत बघून तिने आधी मुलीची गाठ सोडली.

"काय करतलंय बाईनू?" ती म्हणाली. "भायर पानी भरलाहा. सुटी ठेवलंय तर बुडान मरात. ही मंदी एक जाग्यार बसणारी न्हय."

मी विचारलं, "इथे बालवाडी झाली तर?"

तिने मंदीला कडेवर घेतलं. "झाली तर बरा. चेडवाक असा बांधूक लागाचा नाय."

त्या संध्याकाळी घरी आल्यावर तुमच्या आईला जवळ घेऊन बसले, ती म्हणाली, "आई, गुदमरतंय." त्या रात्रीपासून अहवालाला एक मध्यबिंदू मिळाला. बालवाडी. वर्गात, सभेत, विभागप्रमुखांसमोर मी ती लुगड्याची पट्टी वर्णन करून सांगायची आणि ऐकणाऱ्यांचे चेहरे बदलायचे. मला ते बदललेले चेहरे आवडायला लागले होते, हे आता लिहायला हरकत नाही.

नकाशा काढायचं काम नंदा नावाच्या विद्यार्थिनीकडे होतं. हात स्थिर, पण अक्षर किरटं. एका गुरुवारी स्टाफरूममध्ये ती थांबली. "मॅडम, हे मधलं पटांगण. याला काय लिहू?"

"काय आहे तिथे?"

"काहीच नाहीये. म्हशी आहेत."

"मग 'व्हेकंट' लिही," मी म्हटलं. तिने पेन्सिलीने लिहिलं. ते मला पसंत पडलं नाही, म्हणून मी ते खोडून रोट्रिंगच्या पेनने, काळ्या शाईत, स्वतः लिहिलं.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या शनिवारी आम्ही नकाशा वस्तीला दाखवला. भागीदारीत ते ठरलेलंच होतं. जाळ्यांच्या शेडमध्ये दोरीला चिमटे लावून तो टांगला. पुढे पुरुष बसले, मागे बायका, भरावावरची माणसं कडेला उभी. लोकांनी आपापली घरं शोधली. एका म्हाताऱ्याला आपलं घर शेजाऱ्यापेक्षा लहान काढलंय असं वाटलं आणि त्यावर बराच वेळ गेला. मग मी सांगितलं की पटांगणाच्या पांढऱ्या चौकोनात बालवाडी होईल, बाजूला पाण्याचे नळ आणि संडास. दोन्ही वस्त्यांना सारखेच उपयोगी. मधोमध, म्हणून कुणालाच लांब नाही.

चांगुणाबाय पुढे आली. तिला वाचता येत नव्हतं, पण तिने बोट बरोबर ठेवलं. "यो आमचा खला ना? यात कय लिवलंय?"

"मोकळी जागा."

ती हसली. "मोकली तं हायच. आखाडान कोन मासली सुकवते?" मग माझ्याकडे वळून, मुलाला समजावावं तशी म्हणाली, "बाय, तू आयली चुकीचे टायमाला. पुनव होऊंदे, बोटी जाऊंदे. दसऱ्याला वलांड्या उभ्या ऱ्हातील, तवा ये. मंग बग, न मंग लिव."

खला म्हणजे मासळी सुकवायचं खळं, आणि वलांडी म्हणजे बोंबील वाळत घालायचा बांबूंचा मांडव. मला तेव्हा ते माहीत नव्हतं. मी विचारलंही नाही. मला वाटलं, ती मला आग्रहाने बोलावते आहे, कसल्या तरी सणाला. मी म्हटलं, "येईन हं, नक्की." आणि डायरीत लिहून ठेवलं. पुरुषांपैकी कोणी काही बोललं नाही. सुकवणं हे बायकांचं काम. शेवटी नारळ फुटला, काळा चहा आला. मी चहा घेतला नाही, घरून आणलेलं पाणी प्यायले.

अहवाल गणपतीच्या आधी गेला. वेळेवर पोचलेला तो पहिला अहवाल होता.

दसऱ्याला मी गेले नाही. पेपर तपासायचे होते. मग दिवाळी. नोव्हेंबरात एका दुपारी, कसलं तरी सहीचं काम राहिलं म्हणून, एकटीच गेले. उन्हं तापलेली होती, तरी सवयीने हातात छत्री.

बसमधून उतरले आणि वळणावर थांबले. पटांगण नव्हतं. त्याच्या जागी चांदीचा पडदा होता. पुरुषभर उंचीचे बांबू, त्यांना आडव्या दोऱ्या, आणि दोऱ्यांवर जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने टांगलेले हजारो बोंबील. वारा आला की सगळे एका अंगाने हलायचे आणि त्यांच्यातून ऊन गाळून खाली पडायचं. खाली शेणाने सारवलेल्या जमिनीवर जवळा पसरलेला, फिकट गुलाबी. डोक्याला पंचा बांधलेल्या बायका पाट्या घेऊन ओळींतून ये-जा करत होत्या. कुठेही खूण नव्हती, तरी कोणती दोरी कोणाची हे प्रत्येकीला ठाऊक होतं, कारण कोणी थांबून विचारत नव्हतं. एक म्हातारी काठी आपटत कावळ्यांना आईमाईवरून शिव्या देत होती. मधल्या वाटेवर चांगुणाबाय कोणाला तरी ओरडत होती, "दाट नको घालू गो, वारा जाऊंदे आतून."

त्या बायकांत शेवंता होती. पाटीतून बोंबील उचलून दोरीला लावत होती, हात कोळणींइतकेच झरझर. मागून कळलं की बोटी सुरू असल्या की भरावावरच्या साऱ्या बायका खळ्यावरच कामाला असतात. बिल्डिंगमधली भांडी फक्त आखाड-श्रावणात, खळं बंद असतं तेव्हा.

आणि मंदी. ती वलांड्यांच्या ओळीतून धावत होती. पट्टी नाही, काही नाही. एका म्हातारीच्या मांडीवर आदळली, उठली, पुन्हा पळाली. सगळ्या बायकांच्या मध्ये, कोरड्या जमिनीवर. तिला कोणी बघत नव्हतं, म्हणजे सगळ्याच बघत होत्या.

मी वळणावर किती वेळ उभी होते ते आठवत नाही. आत गेले नाही. सहीचं काम तसंच ठेवून पुढच्या बसने परतले.

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांकडे गेले. वाईट माणूस नव्हता. खरं म्हणजे वस्तीसाठी माझ्यापेक्षा जास्त धावपळ त्यांनीच केली होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला.

"बाई, बालवाडीला मंजुरी मिळालीय. तुमच्याच अहवालावर. आता नकाशा चुकला म्हणून कळवलं तर नुसता चौकोन नाही बदलणार, सगळंच थांबेल. नळ, संडास, सगळं. मग त्या बांधलेल्या मुलीचं काय?"

"ती उन्हाळ्या-हिवाळ्यात बांधलेली नसते, सर."

"पावसाळ्यात असते ना?" ते म्हणाले. "पुढच्या फेरीत दुरुस्ती सुचवू. लिहून ठेवा तुम्ही."

मी लिहून ठेवलं. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, आणि त्या आडोशाला मी जाऊन बसले. तिथे आणखीही एक गोष्ट होती. अहवालाच्या पहिल्या पानावर माझं नाव होतं, आणि तो इतर कॉलेजांना नमुना म्हणून पाठवला गेला होता. पुढची फेरी झाली नाही. योजनेचं नाव बदललं, वस्त्या बदलल्या.

मेच्या अखेरीस वलांड्या उतरल्या, बांबू प्लास्टिकखाली गेले, आणि आठवड्याभरात पाया खणला गेला. पुन्हा जागा मोकळी असतानाच. कोणाला उठवावं लागलं नाही, कोणाचं काही मोडावं लागलं नाही. कंत्राटदार म्हणाला, इतकं शांतपणे काम कुठे झालं नव्हतं. बायका दसऱ्याला बांबू घेऊन आल्या तेव्हा भिंतींना गिलावा झाला होता आणि भोवती कुंपण पडलं होतं.

बालवाडी चांगली चालली. हे लिहायलाच हवं, नाहीतर ते खोटं होईल. पुष्कळ मुलं तिथे बाराखडी शिकली, नळाला पाणी आलं, बायकांचा पहाटेचा अंधारातला त्रास वाचला. उद्घाटनाला मी फीत धरली होती. बोंबील मग रस्त्याच्या कडेला सुकू लागले. गाड्यांची धूळ, बसचा धूर. घ्यायला येणारे व्यापारी दातांखाली रेती लागते म्हणून पाटी परत करायचे. एकेकीने सुकवणं सोडलं. ओली मासळी मिळेल त्या भावाने बंदरावरच द्यायची आणि मोकळं व्हायचं. कामाला बायका लागेनात, तेव्हा शेवंताने बिल्डिंगमधली भांडी बाराही महिने धरली.

बालवाडी दुपारी बाराला सुटायची. शेवंता चारला यायची. एकदा तपासणीसाठी म्हणून मी दोन वाजता भरावावर गेले, तर तिचं दार ओढलेलं होतं. बाहेर लख्ख ऊन होतं, कुठेही पाणी भरलेलं नव्हतं. मी दार लोटलं नाही. आतून आवाज येत होता. मंदी बाराखडी म्हणत होती, एकटीच, मोठ्याने.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, नोकरीची शेवटची वर्षं होती तेव्हा, पार्ल्याच्या बाजारात भाजी घेताना मागून हाक आली, "बाय." चांगुणाबाय. केस पांढरे, पाटीत दुसऱ्यांकडून विकत घेतलेली पापलेटं. तिने माझी चौकशी केली, मुलीचं लग्न झालं का विचारलं. मी तिच्या सुनेचं विचारलं. "कारखान्यान जाते, कोलंबी सोलाला," ती म्हणाली. "बरी हाय."

मग पाटी सारखी करत, सहज बोलावं तसं म्हणाली, "तुला सांगतलेलं ना, दसऱ्याला ये म्हनून."

"आले होते गं मी," मी घाईने म्हटलं. "दसऱ्याला नाही जमलं, पण दिवाळीनंतर आले होते."

"ठाव हाय मना. मी बगितला ना तुला. वलनावर उभी होतीस, उन्हान, छत्री मिटून." तिने एक पापलेट उलटं करून ठेवलं. "मी पोरींना बोलली, बगा, बाय आयली, आता येल न पुसेल. तू गेलीस."

एक गिऱ्हाईक आलं, तिने त्याला भाव सांगितला, त्याने नाक मुरडलं, तिने त्याला दोन शब्द सुनावले. मी भाजीची पिशवी घेऊन घरी आले.

आज इथे पार्ल्यात आभाळ भरून आलंय, पण पडत नाहीये. असल्या दिवशी काही वाळत नाही. टेबलावर कागद पसरलाय आणि वाट्यांच्या मध्ये तो अजून थोडा फुगलेला आहे. कोपऱ्यात उत्तरेचा बाण आहे, मोजपट्टी आहे, कॉलेजचं नाव आहे. 'ऑगस्ट' असा महिनाही आहे. एवढी वर्षं तो तिथे आहे.

अनया, मला सल्ला देता येणार नाही. तुझे प्राध्यापक माझ्यापेक्षा हुशार असतील आणि तुमचे फॉर्म आमच्यापेक्षा लांब. फक्त मला कळव, तुम्ही जाल तेव्हा तिथे कोणता महिना असेल, आणि त्या महिन्यात त्या माणसांचं काय बंद असतं. कोणी तुला "नंतर ये" म्हणालं, तर ते तारखेसकट लिहून घे आणि जा. जाऊन वळणावर उभी राहू नकोस.

यंदा कागद परत कपाटावर ठेवत नाही. नळी तुझ्या पत्त्यावर पाठवते आहे. तुम्ही दोघं मिळून उघडा, चार कोपऱ्यांवर काहीतरी जड ठेवा. मधोमध तो पांढरा चौकोन दिसेल. त्यात मी लिहिलेला एकच शब्द आहे. शाई कुठेही पसरलेली नाही. अक्षर चांगलं आलं आहे.